कोल्हापुरातील आमच्या शाळेत दम्याविषयी वर्ग घेतल्यास मुलांना खरोखर उपयोग होईल का?

होय, शाळेत दम्याचे स्व-व्यवस्थापन शिकवल्यास मुलांना रुग्णालयात दाखल करण्याची किंवा तातडीच्या उपचारांसाठी धाव घेण्याची वेळ कमी येते; शाळेतील गैरहजेरी मात्र त्याने फारशी घटत नाही. हा निष्कर्ष २०१९च्या कॉक्रेन आढाव्याचा आहे (कॉक्रेन ही आरोग्यविषयक अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था). त्यातील बहुतेक अभ्यास अमेरिकेतले असल्याने तेथील धडे जसेच्या तसे न घेता, गुऱ्हाळाचा आणि उसाचा पाला पेटवल्याचा धूर दमा कसा चाळवतो, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे. स्पेसर (इनहेलरच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी) लावून इनहेलर ओढण्याचा सराव प्रत्येकाकडून करून घ्यावा (नुसते व्याख्यान मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही) आणि तातडीचा इनहेलर कार्यालयाच्या कुलुपात न ठेवता मुलाच्या हाताशी असू द्यावा. औषध व मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवावी.