कोल्हापुरी साजात भरतात ती लाख म्हणजे नेमकं काय? डिंक का?

डिंक नव्हे, किड्याची राळ. पळस, बोर, कुसुमच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून गाळलं की लाख. झारखंड यात पुढे.

साजाचे मणी आतून पोकळ, पत्रा कागदासारखा पातळ. लाख भरली की चेपत नाहीत. म्हणूनच गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मोडीला नेलात तर लाखेचं वजन वजा होणार, आधीच विचारून घ्या. आणि साज उकळत्या पाण्यात धुऊ नका, लाख मऊ पडते.

हीच लाख पातळ पापुद्र्यांच्या रूपात, म्हणजे चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवली की सुताराचं पॉलिश. गोळ्या-चॉकलेटवरची चकाकीही बऱ्याचदा हिचीच. वेष्टनावर ई ९०४ हा तिचा घटक-क्रमांक शोधा. आजोबांच्या ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांतसुद्धा हीच.