रिंग कमरेवर टिकतच नाही!

प्रश्न : माझं वय ४३, दिवसभर खुर्चीत बसून काम. मुलीची हुला हूपची रिंग घेऊन गच्चीवर ट्राय करते पण दोन फेऱ्या झाल्या की धप्पकन खाली. मुलगी मात्र आरामात फिरवते. माझ्या अंगात लयच नाही का? आणि याने पोट खरंच कमी होतं का हो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, लयीचं नंतर बघू, आधी मुलीची रिंग मुलीला परत द्या. लहान आणि हलकी रिंग इतकी भरभर फिरते की नवीन माणसाच्या कमरेला तिला गाठायला वेळच मिळत नाही. रिंग जमिनीवर उभी धरली की वरची कड बेंबीपर्यंत यायला हवी, म्हणजे साधारण मीटरभर व्यासाची घ्या. दुकानात मिळाली नाही तर पाण्याचा काळा पाऊण इंची पाइप सव्वातीन मीटर कापून जॉइनरने जोडा आणि वरून कापडी टेप गुंडाळा, पकड छान येते. कपडे सुती घाला, सिल्की कुर्त्यावरून रिंग घसरते.

आता मेन गोष्ट. बहुतेक जण कंबर गोल गोल फिरवतात आणि तिथेच फसतं. एक पाय जरा पुढे घ्या, रिंग पाठीला टेकवून जोरात सोडा आणि मग फक्त पुढे-मागे ढकला, रिंग पोटाला लागली की पुढे, पाठीला लागली की मागे, बस. घसरायला लागली तर गुडघे थोडे वाकवून ढकलायचा वेग वाढवा. सुरुवातीला मोजत बसू नका, रिंग आत्ता कुठे टेकतेय एवढंच लक्षात घ्या. दिवसभर स्क्रीनसमोर बसून आपल्याला पाठीची जाणीवच राहत नाही, ती इथे परत येते आणि मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. थोडं जमलं की उलट्या दिशेनेही फिरवा, फार अवघड जाईल पण सोडू नका, नाहीतर एकाच बाजूची सवय लागते.

पोटाचं विचारलंत. नुसती पोटावरची चरबी वितळवणारा व्यायाम नसतो, पण हूपिंगला अगदीच आधार नाही असंही नाही. २०१९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या लोकांना दीड किलोची रिंग सहा आठवडे फिरवायला दिली, रोज सरासरी १३ मिनिटं, तर कमरेचा घेर सुमारे ३ सेंटिमीटर कमी झाला. वजनात मात्र खास फरक नव्हता, म्हणून वजनकाट्यावर रोज चढून निराश होऊ नका, मोजायची टेप वापरा.

तुम्ही लगेच दीड किलोची घेऊ नका हं, सुरुवातीला साध्या रिंगनेही कमरेवर निळे डाग पडतात, ते आठवडाभरात जातात. पाच-पाच मिनिटांपासून सुरू करा. कमरेच्या पट्ट्याला लोंबणारा गोळा फिरवायची ती बेल्टवाली ‘स्मार्ट’ रिंग घाम काढते, पण ती पडतच नाही त्यामुळे शरीराला काही ओळखावं लागत नाही, मी तरी सुचवणार नाही. मणक्याची गादी सरकलेली असेल, प्रेग्नन्सी असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि फिरवताना पाठीतून पायात कळ गेली तर त्या दिवशी तिथेच थांबा.