तक्रार केल्यावर साहेबांनी डूख धरला, तर?

'तक्रार करून मीच चूक केली का?' हा प्रश्न वरिष्ठांविरुद्ध तोंड उघडलेली बहुतेक माणसं विचारतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगतो.

हिशेब विभागातल्या एका बाईंनी मीटिंगमध्ये वारंवार अपमान करणाऱ्या मॅनेजरविरुद्ध एचआरकडे लेखी तक्रार दिली. त्यानंतर आरडाओरडा बंद झाला. पण महिनाअखेरच्या मीटिंगचं निमंत्रण येईना, मेलच्या सीसीतून नाव गळलं, सुटायच्या वेळी 'उद्या सकाळी हवंय' अशी कामं येऊ लागली आणि चांगलं असलेलं रेटिंग घसरलं. सहकारीही बोलायचे कमी झाले.

सूड बहुधा असाच उगवला जातो. एकेकटी पाहिली तर प्रत्येक गोष्ट किरकोळ दिसते आणि तिला काहीतरी कारण देता येतं. म्हणून नुसतं 'मला त्रास देतात' म्हणून भागत नाही. आम्ही कागदावर दोन रकाने आखले: तक्रारीच्या तारखेआधीचे सहा महिने आणि नंतरचे दोन. निमंत्रणं, कामं, मुदती, रजेचे अर्ज, रेटिंग. रकाने भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नाहीत." स्वतःवरचा हा विश्वास परत येणं पुराव्याइतकंच गरजेचं असतं.

मग रोजची नोंद. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द, कामावर झालेला परिणाम. 'मुद्दाम डावललं' हा आपला अंदाज. 'सोमवारच्या मीटिंगला विभागातले बाकी सगळे होते, मला निमंत्रण नव्हतं' ही नोंद. तोंडी सूचना मिळाली की लगेच मेल करायचा: 'आपण सांगितल्याप्रमाणे हे काम उद्या अकरापर्यंत देते. त्यामुळे आधीचं काम एक दिवस पुढे जाईल.' त्यात राग नको, टोमणा तर नकोच. पुराव्यासाठी कंपनीच्या फाइली स्वतःच्या खासगी मेलवर पाठवणं मात्र अंगाशी येतं. गोपनीयता मोडली म्हणून उलट कारवाई होते आणि मूळ विषय बाजूला पडतो. गुपचूप रेकॉर्डिंग करण्याआधीही कायदा विचारून घ्यावा.

सूडाची तक्रार वेगळी द्यायची, पहिलीतच पुरवणी जोडायची नाही. पहिली तक्रार सिद्ध झाली नाही, तरी ती प्रामाणिकपणे केल्याबद्दल छळणं हा स्वतंत्र गैरप्रकार आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करारही तक्रारदार आणि साक्षीदारांना अशा सूडापासून संरक्षण द्या असं सांगतो. देशोदेशीचे कायदे आणि मुदती वेगळ्या, म्हणून कामगार कायद्याच्या वकिलाला लवकर गाठावं. मुदत उलटली की भक्कम बाजूही लंगडी पडते. अर्जात थेट विचारावं: चौकशी कोण करणार, कधीपर्यंत, तोवर रिपोर्टिंग बदलणार का, रेटिंग त्रयस्थाकडून तपासणार का? 'समोरासमोर बसून मिटवून टाका' असं सुचवलं, तर एकटीने जाऊ नये. अधिकार ज्याच्या हाती, त्याच्यासमोर बरोबरीने बोलता येत नाही.

सहकाऱ्यांचं तोंड बहुधा भीतीने बंद होतं. 'माझ्या बाजूने उभे राहा' म्हटलं की माणसं मागे सरतात. 'त्या मीटिंगला तुम्ही होतात, एवढंच लिहून द्याल का?' याला एखादा तरी होकार देतो.

या बाई नोंद रात्री अंथरुणात लिहीत आणि मग पहाटेपर्यंत जागत. ते काम ऑफिसमधून निघण्याआधीच्या दहा मिनिटांवर आणलं. झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, तर डॉक्टरांना दाखवावं. जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

त्यांचं रिपोर्टिंग बदललं, रेटिंग दुरुस्त झालं. मॅनेजर तिथेच आहे, आणि त्या पगार सुरू ठेवून बाहेर अर्ज करताहेत. रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. जायचंच ठरलं, तर अनुभवपत्र, शिल्लक रजेचे पैसे आणि पुढच्या ठिकाणी तुमच्याबद्दल कोण सांगणार, हे आधी लेखी घ्या. आणि राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू नका. पुढे दाद मागायची वेळ आली, तर तेच दोन शब्द तुमच्यासमोर ठेवले जातात.