ईस्टरसाठी मुलांसोबत प्राण्यांच्या आकाराचे सोपे पाव घरी कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच जर्मनीत आला आहात, मुलं पाच आणि आठ वर्षांची आहेत, किंडरगार्टनमध्ये ईस्टरच्या न्याहारीसाठी घरून काहीतरी करून न्यायचंय आणि बेकरीच्या काचेत दिसणारे सशाचे पाव मुलांच्या मनात भरले आहेत. यीस्ट तुम्ही याआधी कधी वापरलेलं नाही. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो आणि ईस्टरच्या सुट्टीत हे पाव आमच्या घरी होतातच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या: हे पीठ फुगतं. मुलांना क्लेची सवय असते, त्यामुळे ती बारीक बारीक गोळे करून नाक, पाय, मिशा चिकटवत बसतात. भाजून होईपर्यंत त्यातलं अर्धं गळून पडतं आणि उरलेलं फुगून एकमेकांत मिसळून जातं. मग मूल विचारतं, ‘माझं मांजर कुठे गेलं?’ गाठ मारून, पीळ देऊन किंवा कात्रीने कापून केलेला आकार मात्र फुगल्यावरही ओळखू येतो. तेव्हा प्राणी निवडतानाच हे बघा. ससा, साळिंदर आणि चिमणीसारखा पक्षी हे तीन जमतात. हत्ती-घोड्यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका.

सामान गुरुवारीच आणून ठेवा. गुड फ्रायडेला इथे सगळी दुकानं बंद असतात, शनिवारी उघडतात पण गर्दी फार, आणि रविवार-सोमवार पुन्हा बंद. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला आहे. (पुष्कळ वर्षी तो हनुमान जयंतीच्या लगेच नंतरच्या रविवारी येतो, कारण त्याची तारीखही वसंतातल्या पौर्णिमेवरूनच ठरते. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आहे. आमच्याकडे त्यामुळे दोन्हीची तयारी एकाच आठवड्यात चालते.)

बारा पावांसाठी ५०० ग्रॅम मैदा, २२० मिली दूध, ७० ग्रॅम साखर, ७० ग्रॅम मऊ लोणी, एक अंडं, सपाट चमचाभर मीठ आणि एका लिंबाची किसलेली साल लागते. पाकिटावर ‘टाइप ५५०’ लिहिलेलं पीठ मिळालं तर उत्तम, ४०५ असलं तरी चालतं. कोरड्या यीस्टचं ७ ग्रॅमचं एक पाकीट एवढ्या पिठाला पुरतं. ताज्या यीस्टचा ४२ ग्रॅमचा चौकोनी तुकडा दुकानातल्या फ्रीजच्या कपाटात मिळतो, तो घेतलात तर अर्धा वापरा. दूध कोमट हवं, म्हणजे त्यात बोट निवांत ठेवता आलं पाहिजे. कढत दुधात यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ जागचं हलत नाही. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपला नेहमीचा मैदा घेतलात तर दूध आधी २०० मिलीच घाला आणि लागेल तसं वाढवा. प्राण्यांसाठी पीठ सैल असून चालत नाही, पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्टच ठेवा.

सगळं एकत्र करून दहा मिनिटं चांगलं मळा. सुरुवातीला हाताला चिकटेल, पण वरून पीठ ओतायचा मोह टाळा. मळत गेलं की ते आपोआप गुळगुळीत होतं. पुढचा रस्ता दोन प्रकारे. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवून दुप्पट होऊ द्या, किंवा मी करते तसं यीस्ट अर्धंच घालून रात्री मळा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. मुलांसोबत करायचं तर दुसरा मार्गच निवडा. मळण्याचा पसारा ती झोपल्यावर उरकतो, सकाळी फक्त खेळायचं काम राहतं, आणि गार पीठ लहान हातांना चिकटत नाही. हातात गरम होऊन चिकटायला लागलं तर दहा मिनिटं परत फ्रीजमध्ये.

पिठाचे साधारण ७५ ग्रॅमचे बारा गोळे करा आणि झाकून पंधरा मिनिटं नुसते पडू द्या. हे टाळू नका. मळलेलं पीठ ताठ असतं, लगेच लांबवायला गेलं की रबरासारखं मागे येतं आणि मुलं चिडतात. ओट्यावर पीठ भुरभुरवू नका, मुलांनाही ते करू देऊ नका. पिठावरून गोळा नुसता घसरतो, वळला जात नाही, आणि सांधेही नीट जुळत नाहीत.

ससा असा करायचा: कडबोळ्याला वळतो तशी ३० सेंटीमीटरची दोरी वळा, फक्त बोटाएवढी जाड. मधोमध दुमडा आणि वरच्या बाजूने दोन पीळ द्या. वर दोन टोकं मोकळी राहतील, ते कान. खाली गोल घर उरेल, त्यात सुपारीएवढा गोळा बसवा, ते शेपूट. झाला पाठमोरा ससा. चेहराच नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही, आणि सगळ्यांना लगेच ओळखू येतो. दोरी आठ वर्षांच्या मुलाने वळावी, शेपटीचे गोळे पाच वर्षांच्याने करावेत. कानांची टोकं फार निमुळती करू नका, तीच आधी करपतात.

साळिंदर मुलांना सर्वांत आवडतं, कारण त्यात कात्री चालवायला मिळते. लांबट गोळा करून एका टोकाला चिमटीने नाक काढा. तो ट्रेवर फुगू द्या, मग वरून अंडं लावा (कसं ते पुढे सांगते), आणि त्यानंतर पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कात्रीने पाठीवर आडव्या रांगांमध्ये टोचे मारा. कात्री उभी धरू नका, जवळजवळ आडवी धरा, म्हणजे काटे उचलले जातात. अंडं आधी आणि कात्री नंतर, या क्रमाचं कारण म्हणजे कापलेला भाग फिका राहतो आणि तांबूस पाठीवर काटे उठून दिसतात.

पक्षी आमच्याकडे एका रशियन भाषक शेजारणीकडून आला. रशियात हे पाव चंडोल पक्ष्याच्या रूपात २२ मार्चच्या सुमाराला करतात. तो सेबास्तेचे चाळीस हुतात्मे या ख्रिस्ती संतांचा दिवस. चंडोल परतले की वसंत आला असं मानतात, आणि पूर्वी मुलं हे पाव हातात घेऊन अंगणात जाऊन वसंताला हाका मारायची. २० सेंटीमीटरची दोरी घेऊन तिला एक साधी गाठ मारा. वर आलेलं टोक म्हणजे डोकं, त्याला चिमटीने चोच काढा. दुसरं टोक दाबून चपटं करा आणि सुरीने तीन चिरा द्या, ती शेपटी. पाच वर्षांच्या मुलालाही ही गाठ जमते.

डोळ्यांसाठी काळे मनुके दहा मिनिटं पाण्यात भिजवून, पुसून घ्या. कोरडे घातले तर जळून कडू होतात. पाव फुगल्यानंतरच लावा, आणि काडीने आधी खड्डा करून खोल खुपसा. नुसते वर ठेवलेले डोळे ओव्हनमध्ये बाहेर पडतात. लवंगा किंवा मिरी दिसायला छान, पण मुलं खाणार असतील तर वापरू नका.

आकार झाले की झाकून २५ ते ३० मिनिटं फुगू द्या. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की तयार. एका पिवळ्या बलकात चमचाभर दूध घालून ब्रशने लावा, हे काम धाकट्याला द्या. अंडं नको असेल तर दुधात थोडी साखर विरघळवून लावा, चकाकी कमी येते पण रंग येतो. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवा, पंखा चालू असेल तर १६०, आणि मधल्या कप्प्यात १५ ते १८ मिनिटं भाजा. ओटीजीत खालच्या-वरच्या दोन्ही सळया चालू ठेवा आणि बाराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. कान लवकर लाल व्हायला लागले तर त्यांच्यावर फॉइलचा तुकडा सैलसर टाका.

कच्चं पीठ मुलांना चाटू देऊ नका. कच्च्या अंड्याइतकाच धोका कच्च्या मैद्यातही असतो, त्यातही जंतू असू शकतात. आणि ट्रेवरच्या बेकिंग पेपरवर प्रत्येक पावाशेजारी पेन्सिलीने मुलांची नावं लिहून ठेवा. हा ससा कोणाचा यावरून आमच्याकडे होणारी भांडणं त्यानंतर थांबली.

ससा अंडी आणतो ही इथली कल्पना बरीच जुनी आहे. १६८२ मध्ये गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाऊ या वैद्याने आपल्या लेखनात तिची नोंद केलेली आहे. मुलांनी ‘ससाच का?’ विचारलं तर निदान एवढं सांगता येईल.

किंडरगार्टनला नेण्याआधी तिथे विचारून घ्या की अंडं, दूध, मनुके चालतात का. बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा बऱ्याच ठिकाणी चालत नाही, म्हणून बदामाचे काप लावायचा विचार सोडून द्या. घरची न्याहारी ईस्टरच्या रविवारी असेल तर शनिवारी दुपारी भाजा, पूर्ण गार झाल्यावर डब्यात ठेवा आणि सकाळी १५० अंशांवर चार-पाच मिनिटं गरम करा. इथली मंडळी त्यावर लोणी आणि जॅम लावतात. आमची मुलं साजूक तूप लावून खातात. उरलेले पाव त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर चांगले राहतात.