पहिल्या उतारीनंतरचं अर्धं मिनिट : ब्रिजची प्रश्नोत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न यवतमाळ, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांतून आले आहेत आणि विचारणारे जवळजवळ सगळे मेंढीकोटवरून ब्रिजकडे वळलेले आहेत. पारावर बसून कुणाची दश्शी अजून बाहेर आहे हे ध्यानात ठेवायची ज्याला सवय आहे, त्याला ब्रिज परका वाटत नाही. बोली शिकायला वेळ लागतो, पण डमी (बोली जिंकणाऱ्याच्या भिडूचे टेबलावर उघडे मांडलेले पत्ते) उघडल्यावर २६ पत्ते समोर ठेवून डाव रचण्याची गोडी त्याला लगेच लागते. या खेळात मला सर्वांत प्रिय असलेला भागही हाच, म्हणून आज डिक्लेअररच्या, म्हणजे बोली जिंकून स्वतःचे आणि डमीचे पत्ते खेळणाऱ्याच्या, खेळावरचेच प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : तीन नो ट्रम्प (हुकमाशिवाय नऊ हात करायची बोली) बोलतो, पत्ते चांगले असतात, पण आठ हातांवर गाडी अडते. भिडू म्हणते, एक्का लवकर मारला. आता भाऊ, घरी आलेला हात सोडून कायले द्याव? (दारव्हा तालुक्यातील शेतकरी)

तुमचा भिडू बरोबर बोलतोय. पत्त्यांचा कॅट घ्या आणि हा डाव मांडूनच बघा. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का, अठ्ठी, तिर्री. बदामचा एक्का आणि दोन बारके. चौकटची नव्वी, अठ्ठी आणि एक बारका. किलवरचा एक्का, राजा आणि दोन बारके. डमीत इस्पिकचे दोन बारके. बदामचा राजा आणि दोन बारके. चौकटचा एक्का, राणी, गुलाम, दश्शी, दुर्री. किलवरचे तीन बारके. डावीकडच्याने इस्पिकचा राजा उतरला.

आता हात पुढे करू नका, मोजा. इस्पिकचा एक, बदामचे दोन, किलवरचे दोन, चौकटचा एक्का, असे सहा हात खात्रीचे. उरलेले तीन चौकटमधून येणारच, कारण राजा उजवीकडे असला आणि फिनेस (बाहेरचा मोठा पत्ता सोयीच्या बाजूला आहे असं धरून त्याहून लहान पत्त्याने हात जिंकायचा प्रयत्न) फसली तरी चौकटचे एकूण चार हात होतात. म्हणजे हातांची चिंता नाही. धोका एकच आहे : उजवीकडच्याने चौकटचा राजा जिंकला आणि त्याच्याकडे इस्पिक शिल्लक असलं, तर तो ते भिडूला देणार. पहिल्याच हाताला एक्का मारला असेल तर डावीकडचा इस्पिकचे चार हात सरळ ओढतो. चार अधिक चौकटचा राजा, पाच हात गेले. तुमचे आठ.

म्हणून एक्का रोखून धरा. पहिला हात सोडा, दुसराही सोडा, तिसऱ्याला एक्का लावा. इस्पिक डावीकडे पाच आणि उजवीकडे तीन असे बसले असतील, तर उजवीकडच्याचं इस्पिक आता संपलं. चौकटची नव्वी उतरून फिनेस करा. राजा त्याने जिंकला तरी भिडूकडे जायला त्याच्याकडे वाट नाही. आणि इस्पिक चार-चार बसले असतील तर? त्याच्याकडे एक उरलं असेल, पण तेव्हा तुमचे इस्पिकचे तीन आणि चौकटचा एक एवढेच हात जातात, नऊ होतातच.

किती वेळा रोखायचं याचा एक सोपा हिशेब खेळाडू वापरतात : त्या रंगाचे तुमचे आणि डमीचे मिळून पत्ते सातातून वजा करा. इथे पाच पत्ते आहेत, म्हणून दोनदा. पण हा हिशेब आंधळेपणाने लावू नका. तुमच्याकडे त्या रंगाचा दुसरा रोखणारा पत्ता असेल, फिनेस फसल्यावर हात डावीकडच्याकडेच जाणार असेल, किंवा तुमचा दुसरा एखादा रंग याहून उघडा असेल आणि विरोधक त्याकडे वळण्याची भीती असेल, तर विचार वेगळा करावा लागतो.

प्रश्न : मेंढीकोटात हुकूम हाती असला की आम्ही आधी सगळ्यांचे हुकूम पाडतो. ब्रिजमध्येही तसंच करावं ना? (पुसद परिसरातील शिक्षिका)

ताई, निम्म्या डावांत हो. उरलेल्या निम्म्यांत हीच सवय घात करते.

समजा कॉन्ट्रॅक्ट (ठरलेली शेवटची बोली) चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात करायचे. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी. बदामचा एक्का आणि दोन बारके. चौकटचा एक्का आणि एक बारका. किलवरचे तीन बारके. डमीत इस्पिकचा राजा, नव्वी आणि एक बारका. बदामचे दोनच बारके. चौकटचा राजा आणि तीन बारके. किलवरचा एक्का आणि तीन बारके. उतारी किलवरच्या राजाची. हुकमाचे पाच, बदामचा एक, चौकटचे दोन, किलवरचा एक, असे नऊ. दहावा हात कुठे आहे?

डमीच्या बदामात आहे. तिथे बदाम दोनच आहेत, म्हणून तुमचा तिसरा बदाम डमीच्या हुकमाने मारता येतो. तेव्हा किलवरचा एक्का घ्या, बदामचा एक्का वाजवा आणि लगेच दुसरा बदाम देऊन टाका. विरोधक किलवरचे दोन हात ओढतील, वाटल्यास एकदा हुकूम उतरतील. उतरू द्या, तो हातातल्या मोठ्या पत्त्याने घ्या. डमीत अजून दोन हुकूम आहेत. तिसरा बदाम नव्वीने मारा. बाहेरचा एकही हुकूम नव्वीहून मोठा नाही. मग निवांत हुकूम पाडा. दहा हात.

आधीच तीनदा हुकूम पाडले असते, तर डमी कोरडी झाली असती आणि दहावा हात तिच्यासोबत गेला असता. इथे एक गोष्ट पक्की करून घ्या : हुकमाने मारून नवा हात मिळतो तो हुकूम कमी असलेल्या बाजूला, बहुधा डमीत. लांब हुकमाच्या हातात बारक्याने मारलं तर तो हुकूम एरवीही एक हात करणारच होता. त्याने सहसा काही वाढत नाही.

हुकूम ताबडतोब केव्हा पाडावेत? डमीत मारण्यासारखं काही नसेल आणि बाजूचे जिंकणारे पत्ते विरोधकांनी हुकमाने कापण्याची भीती असेल तेव्हा.

प्रश्न : हुकमाची राणी बाहेर. आमचे आणि डमीचे मिळून नऊ हुकूम. फिनेस करावी की एक्का-राजा वाजवून राणी पाडावी? (हिंगणघाट)

काहीच माहिती नसेल तर एक्का-राजा वाजवा. बाहेरचे चार पत्ते दोन-दोन बसण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, तीन-एक बसण्याची सुमारे ५०. सगळं धरून राणी पाडण्याचं पारडं किंचित जड राहतं. फार थोडा फरक आहे हा. आठच पत्ते असतील तर मात्र फिनेस बरीच चांगली.

पण "काहीच माहिती नाही" असं क्वचितच असतं. समजा डावीकडच्याने सुरुवातीलाच तीन बदाम बोललेले आहेत, म्हणजे त्याच्याकडे बहुधा सात बदाम असणार. तुमचे आणि डमीचे मिळून चार बदाम असतील, तर उजवीकडच्याकडे दोनच. आता डावीकडच्याच्या तेरातल्या सहा जागा बाकी रंगांसाठी उरल्या, उजवीकडच्याच्या अकरा. राणी त्या अकरांत असण्याचा संभव जवळपास दुप्पट. एक्का-राजा-गुलाम तुमच्या हातात असेल तर एकदा एक्का वाजवा, मग डमीतून बारका उतरून गुलाम लावा. इतकी छोटी बेरीज बरेच जण करत नाहीत आणि मग नशिबाला बोल लावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : डमी झालेल्या भिडूने डिक्लेअररला काही सांगितलं तर चालतं का?

कोणता पत्ता खेळावा हे शब्दाने, डोळ्याने, बोटाने, कशानेही सुचवायचं नाही. पण तुम्ही रंग सोडून दुसरा पत्ता टाकलात तर "त्या रंगाचा पत्ता नाही का?" असं तो विचारू शकतो. उतारी डमीत असताना तुम्ही चुकून हातातून उतरायला लागलात, तर तो थांबवूही शकतो.

प्रश्न : गावात पत्ते म्हटलं की लोक जुगारच समजतात. घरच्यांना काय सांगावं? (आर्वीजवळच्या गावातील महाविद्यालयीन विद्यार्थी)

त्यांना सांगा, २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला आणि पुरुष जोडीचं सुवर्णपदक भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जिंकलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते. पुढच्या, २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाला रौप्य मिळालं. स्पर्धेत तोच डाव प्रत्येक टेबलावर खेळवला जातो आणि त्याच पत्त्यांवर इतरांनी काय केलं याच्याशी तुमची तुलना होते; चांगले पत्ते आले म्हणून कुणी जिंकत नाही. मात्र एक पथ्य कडक पाळा. पैसे लावून खेळू नका, गंमत म्हणूनही नाही. घरच्यांचा विश्वास तिथेच टिकतो किंवा तुटतो.

प्रश्न : पऱ्हाटी वेचणीच्या दिवसांत चार जण जमतच नाहीत. एकट्याने सराव कसा करावा? (कळंब तालुका)

मोबाइलला रेंज असेल तर ब्रिज बेस ऑनलाइनवर संगणकाच्या भिडूंसोबत खेळता येतं. रेंज नसेल तरी अडत नाही, आणि डिक्लेअररचा खेळ शिकायला मला दुसरी पद्धत अधिक आवडते. कॅट पिसून चार वाटे करा. दोन समोरासमोरचे वाटे उघडा, त्यांवर शोभेल असं कॉन्ट्रॅक्ट ठरवा. डावीकडच्या वाट्यातून फक्त पहिल्या उतारीचा पत्ता काढा आणि बाकीचे झाकून ठेवा. आता डमीतला पहिला पत्ता हलवण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा : खात्रीचे हात किती, कमी किती, ते कुठून आणणार. मग चारही वाटे उघडून डाव खेळा आणि लिहिलेलं कुठे चुकलं ते त्याच पानावर नोंदवा. तोच डाव विरोधकांचे पत्ते बदलून पुन्हा मांडा, राजा डावीकडचा उजवीकडे न्या, आणि तुमची योजना तेव्हाही तगते का ते पाहा. वरचे दोन डाव याच पद्धतीने सुरू करा.