रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. आयएसओ ९००१ सर्टिफिकेट आयएसओकडूनच घ्यावं लागतं का?
नाही, आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था फक्त मानकं तयार करते; ९००१ हे त्यातलं गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक. सर्टिफिकेट देते ती स्वतंत्र प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थेला तुमच्या उद्योगप्रकारासाठी एनएबीसीबीची (प्रमाणन संस्थांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) मान्यता आहे ना, हे एनएबीसीबीच्या वेबसाइटवर आधी बघा. वागळे इस्टेट आणि रबाळ्यातल्या वर्कशॉपांत मी क्वालिटीचं काम बघतो, त्यावरून सांगतो: आधी मानकाप्रमाणे कामाची पद्धत बसवा, काही महिने नोंदी ठेवा, अंतर्गत ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू करा, मग अर्ज. ऑडिट दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात कागदपत्रं आणि तयारी. दुसऱ्यात ऑडिटर थेट मशीनपाशी येतो, ऑपरेटरच्या हातातला व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) घेतो, त्यावरचा नंबर वाचतो आणि त्याच नंबरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे साधनाचं माप तपासल्याचा दाखला, मागतो. बरेच जण अडकतात ते इथेच. आयएसओ ९००१ सर्टिफिकेट ३ वर्षांचं असतं, पण मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स (देखरेखीचं) ऑडिट होतं. ‘ऑडिटशिवाय आठवड्यात देतो’ म्हणणाऱ्याला कृपा करून पैसे देऊ नका. शिवाय सल्ला देणाऱ्या संस्थेनेच सर्टिफिकेट देणं नियमात बसत नाही. मात्र ग्राहक परदेशातला असेल, तर त्याला कोणती मान्यता चालते हे अर्ज करण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या.