जपानला निघालास, तर कामं या क्रमाने कर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

जपानला निघालेल्याला सगळे भाषेची भीती घालतात. भाषा हळूहळू येते. पहिल्या महिन्यात माणूस अडकतो तो कामांच्या क्रमात. फोनला बँकेचं खातं लागतं, बँकेला फोन नंबर लागतो आणि घर देणाऱ्या एजंटाला दोन्ही लागतं. म्हणून सुरुवातीला कंपनीची किंवा विद्यापीठाची खोली मिळत असेल तर मुकाट्याने घे, लहान असली तरी. आपल्याकडच्या क्रेडिट कार्डावर मिळणारं एखादं सिम आधीच शोधून ठेव. बाकी सगळं पत्त्यावर अडलेलं असतं.

नारिता, हानेदा किंवा कान्साईला उतरलास की इमिग्रेशनच्या काउंटरवरच झाइर्यू कार्ड, म्हणजे जपानात राहण्याच्या परवान्याचं कार्ड, हातात पडेल. मुक्कामी पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत ते घेऊन कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जा. तिथे कार्डाच्या मागे पत्ता चढवतात. त्याच फेरीत जूमिन्ह्योची (रहिवासाच्या दाखल्याची) एक प्रत माग. विद्यार्थी असशील तर आरोग्य विमाही तिथेच उरकून घे. मग डॉक्टरकडे साधारण ३० टक्केच भरावे लागतात. कार्ड कायम खिशात हवं. जवळ नसलं तर दोन लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नावाकडे मात्र बारीक लक्ष दे. आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा वडिलांचं नाव मधे असतं, ते कार्डावर तसंच उतरतं. पण बँक आणि फोनवाले नाव काताकानात लिहितात, आणि त्या लिपीत ‘ल’ नाही, अर्धा ‘र’ नाही. कुलकर्णींचे होतात ‘कुरुकारुनी’. शेवटची ‘नी’ लांबवायला एक आडवी रेघ देतात. ती एकाने दिली, दुसऱ्याने गाळली, की यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे गृहस्थ. मग पगार परत जाऊ शकतो, विजेचं बिल खात्यातून वळतं होत नाही, आणि गडबड एका रेघेची आहे हे कळायला आठवडा जातो. काताकाना एकदाच ठरव, मधल्या नावासकट, रेघेसकट. चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेव आणि प्रत्येक फॉर्मवर बघून उतरव, अगदी पाठ झालं तरी.

घर घेताना भाड्याच्या पाचपट रक्कम जवळ ठेव. ७०,००० येन भाडं असेल तर पहिल्या महिन्याचं भाडं, अनामत, एजंटाचे पैसे, हमी कंपनीची फी, आगीचा विमा, कुलूपबदल आणि कुठे कुठे ‘रेइकिन’ हे सगळं मिळून साडेतीन लाखांच्या घरात जातं. रेइकिन म्हणजे मालकाला दिलेली भेट. ती परत येत नाही, वाद घालू नकोस. खोली बऱ्याचदा अगदी रिकामी मिळते. दिवे, पडदे, शेगडी तुझी तू आणायची. वीज-पाणी अर्जावर सुरू होतं, गॅस सुरू करायला मात्र माणूस घरी येतो आणि तू हजर असावं लागतं. वेळ चार दिवस आधी ठरवली नाहीस तर हिवाळ्यात गार पाण्याने अंघोळ ठरलेली.

कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लाव. वार प्रत्येक वॉर्डात वेगळे असतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली विसळून चेपायची. पिशवी त्याच दिवशी सकाळी आठच्या आत ठेवायची. आदल्या रात्री ठेवलीस तर कावळे फाडतात आणि शेजारी ते विसरत नाहीत. चूक झाली की पिशवीवर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडून जातात. चकल्या तळल्यावर तेल बेसिनमध्ये ओतू नकोस. तेल घट्ट करणारी पावडर दुकानात मिळते. तेल गरम असतानाच ती ढवळायची, गार झालं की वडीसारखं सुटून येतं, ते जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचं.

शाकाहारी असशील तर ‘निकु नाशी’, म्हणजे ‘मांस नको’, एवढ्याने भागत नाही. तुकडे काढून देतात, रस्सा तोच. खरी गोम दाशीत, म्हणजे रश्श्याच्या मूळ पाण्यात आहे: मिसो सूप, सोबा शेवयांचं पाणी, उकडलेल्या भाज्या, बहुतेक सगळ्यात सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क. थंड तोफूवरच्या त्या पातळ गुलाबी चकत्याही मासाच. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे ‘मांसही खात नाही, मासेही नाही’, असं म्हण, आणि ‘दाशी मो’ (दाशीही) हे जोडायला विसरू नकोस. समुद्री शेवाळाची कोम्बू दाशी चालते. निर्धास्त जेवायचं असेल तर कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांत शोजिन, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. तूरडाळ, पोहे तोक्योत निशी-कासाईच्या भारतीय दुकानांत मिळतात.

फिरताना दोनच गोष्टी. जेआर पास, म्हणजे रेल्वेचा पास, पर्यटकांसाठी आहे. आईबाबा भेटीला आले तर त्यांना मिळेल, तुला नाही. आणि सुइका, म्हणजे आधी पैसे भरायच्या प्रवासाच्या कार्डावर तोक्योहून साध्या गाडीने अतामीच्या पुढे शिझुओकाकडे निघू नकोस, उतरल्यावर स्टेशनचं फाटक उघडत नाही. कागदी तिकीट काढ.

रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर असतो आणि जूनपासून लागतो. पहिल्या वर्षी पगार भरघोस वाटतो तो यामुळे. दुसऱ्या वर्षासाठी बाजूला काढ.

गणपतीला घरी येशील तेव्हा विमानतळावर ‘पुनर्प्रवेशा’चा फॉर्म भरावा लागेल. त्यावर एका चौकटीत ‘वर्षाच्या आत परत येणार’ अशी खूण असते. ती राहिली तर शिक्का बसला की तुझा राहण्याचा परवानाच संपतो आणि व्हिसाची वारी पुन्हा पहिल्यापासून. परवान्याची मुदत वर्षाआधी संपत असेल तर परतायची मर्यादाही तीच. खूण कर, झाइर्यू कार्ड पासपोर्टात घाल, आणि दोन्ही एकत्रच पुढे कर.

कळावे.